आरशाचा कॅमेरा की बिनआरशाचा? पैसे मोजण्यापूर्वी एवढे पाहा

यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणे हा आता पासपोर्ट आकाराच्या फोटोंवर भागणारा धंदा राहिलेला नाही. साधे फोटो मोबाईलने घरोघरी नेले. फोटोग्राफरच्या हाती राहिले ते निकाह, वलीमा, लग्न, साखरपुडा, शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवात चिंतामणीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आणि अधूनमधून एखाद्या दुकानाच्या मालाचे फोटो. त्यातही ग्राहक बयाना देण्यापूर्वी विचारतो, "व्हिडिओ फोर-केमध्ये मिळेल ना?" अशा वेळी जुना कॅमेरा बदलण्याचा विचार मनात येतो आणि आपला बंधू यवतमाळ, वर्धा किंवा नागपूरच्या दुकानात जाऊन उभा राहतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब हा ३९ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला. म्हणजे दोन बाजारांत फिरून भाव करण्याची सोयही वाढली. पण दुकानदार त्याच्याकडे जो माल पडून आहे त्याचीच तारीफ करणार. म्हणून घरून निघतानाच आपला हिशेब पक्का असला पाहिजे.

या लेखात आम्ही दोन कॅमेरे समोरासमोर ठेवणार आहोत. दोन्ही कॅनन कंपनीचे आणि दोन्ही छोट्या व्यावसायिकाच्या ऐपतीतले आहेत. एक ईओएस २००डी मार्क टू, जो एप्रिल २०१९ मध्ये जाहीर झाला. हा डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा. दुसरा ईओएस आर५०, जो २०२३ मध्ये आला. हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. डब्यावरील आकडे पाहिले तर दोघेही चोवीस मेगापिक्सेलचे. आतला सेन्सर सारख्याच आकाराचा, सुमारे २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. बॅटरीसुद्धा एकच, एलपी-ई१७. मग फरक कुठे आहे? तो डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला नसतो, आणि धंद्यात नुकसान नेमके तेथेच होते.

प्रथम मेगापिक्सेलचा प्रश्न निकालात काढू. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला ५४०० बाय ३६०० ठिपके पुरतात. बारा बाय छत्तीसच्या पॅड अल्बमच्या पानावर एकाच वेळी तीन-चार फोटो बसवले जातात, तेथे तर याहून कमी लागतात. तेव्हा या बाबतीत दोन्ही कॅमेरे पुरेसे आहेत. मेगापिक्सेल वाढवून सांगणाऱ्या विक्रेत्याकडे दुर्लक्ष करावे.

आता आरशाचे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. "खटॅक" असा जो आवाज येतो, त्यात मोठा वाटा या आरशाचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही. उजेड सतत सेन्सरवर पडत असतो आणि सेन्सर जे पाहतो ते डोळ्याजवळच्या छोट्या पडद्यावर दिसते. (अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून उजेड आत घेऊन त्याची प्रतिमा कशी पडते याचा शास्त्रशुद्ध अभ्यास अकराव्या शतकात इब्नुल हैसम यांनी ग्रहणाच्या वेळी दिसणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेवरून केला होता. कॅमेऱ्याचे मूळ तत्त्व तेच आहे. आरसा असो वा नसो, त्यात बदल झालेला नाही.)

एवढ्याशा फरकातून पुढचे सगळे फरक निघतात.

आरशाच्या कॅमेऱ्यात आपण काचेतून थेट समोरचे पाहतो, त्यासाठी वीज लागत नाही. म्हणून २००डी मार्क टू एका बॅटरीत, कंपनीच्या मोजणीप्रमाणे, सुमारे १०७० फोटो काढतो. तीच बॅटरी आर५० मध्ये घातली आणि डोळा लावून काम केले, तर वीज वाचवण्याच्या पद्धतीवर ठेवूनही सुमारे ३१० फोटो निघतात. लग्नात हजार-दीड हजार फोटो सहज होतात. म्हणजे एकीकडे दोन बॅटऱ्या आणि दुसरीकडे चार-पाच. भर सीझनमध्ये खेड्यावर ऑर्डर असेल आणि दुपारभर वीज गेली असेल, तर चार्जर काय कामाचा? आर५० घेणाऱ्याने जादा बॅटऱ्यांची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावी. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. २००डी मार्क टूवर मागच्या पडद्यात पाहून काम केले, तर त्याचाही आकडा ३२० च्या आसपास उतरतो. व्हिडिओ तर पडद्यात पाहूनच काढावा लागतो. तेव्हा ज्याचे निम्मे काम व्हिडिओचे आहे त्याला बॅटरीचा हा फायदा अर्धाच मिळतो.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र बरोबरी नाही. २००डी मार्क टू फोर-के व्हिडिओ काढतो हे खरे. पण तसे करताना तो चौकटीचा कडेचा भाग कापतो आणि दृश्य दीडपटीहून अधिक जवळ येते. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभे राहिलात तरी सगळे नातेवाईक चौकटीत मावत नाहीत. शिवाय फोर-केमध्ये त्याची वेगवान फोकसची यंत्रणा बंद होते. माणूस पुढे-मागे झाला की चित्र धूसर होऊन पुन्हा सावरते. आर५० कडा न कापता फोर-के काढतो, चेहरा व डोळा ओळखून फोकस धरून ठेवतो, आणि एक तुकडा एक तासापर्यंत चालतो. दुसऱ्याचा तुकडा अर्ध्या तासाच्या आत थांबतो. खुतबा, ईजाब-कुबूल आणि दुआ सलग घ्यायची असेल, किंवा हिंदू बांधवांकडील लग्नात मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा तिपाईवर सोडायचा असेल, तर हा फरक पैशांचा आहे. मधले चार वाक्य गाळलेला व्हिडिओ घेऊन ग्राहक पूर्ण रक्कम देत नाही.

फोटोतही फोकसचा फरक आहे. २००डी मार्क टू डोळा लावून वापरला तर फोकसचे ठिकाण केवळ नऊ, तीही बहुतेक मधल्या भागात. त्याच्या काचेत चौकटीचा ९५ टक्के भागच दिसतो. समूह फोटोत कडेला अर्धा खांदा किंवा कुणाची खुर्ची शिरली तर ती आधी कळत नाही, कॉम्प्युटरवर कळते. आर५० मध्ये जे दिसते तेच फोटोत येते. फोटो काळा पडणार की जळणार हेही बटण दाबण्यापूर्वी दिसते. नवशिक्या शागिर्दाच्या हाती कॅमेरा द्यायचा असेल तर याचा मोठा उपयोग. उलट काही जुन्या हातांना छोट्या पडद्यात तासन् तास पाहून डोळे दुखतात. ही तक्रार खोटी नाही, म्हणून दुकानात पाच मिनिटे तरी डोळा लावून पाहावे.

फ्लॅशची खाच : दोन्हीकडे फसगत

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहीत आहोत तो येतो. मंगल कार्यालय असो की शादीखाना, रात्रीचे काम फ्लॅशशिवाय होत नाही, आणि स्टुडिओत तर छत्रीचे दिवे ट्रिगरवरच चालतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवण्याची जी खाच असते, तिच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो. साध्या फ्लॅशला आणि स्वस्त ट्रिगरला "आता पेट" हा इशारा त्याच ठिपक्यातून मिळतो. २००डी मार्क टूच्या खाचेत कंपनीने हा मधला ठिपका ठेवलेलाच नाही. कॅननचा स्वतःचा फ्लॅश त्यावर चालतो, कारण तो बाकीच्या बारीक ठिपक्यांमधून कॅमेऱ्याशी बोलतो. ज्या बाहेरच्या कंपन्यांनी आपल्या मालात त्याप्रमाणे सुधारणा केली तोही चालतो. पण एका ठिपक्यावर चालणारा जुना फ्लॅश किंवा ट्रिगर त्यावर गप्प बसतो. बिघडला म्हणून कॅमेरा दुकानात परत नेला तरी दुकानदार हात वर करील, आणि तो चुकीचा नसेल. तो बिघाड नव्हे, ती रचनाच तशी आहे.

आर५० घेतला म्हणजे सुटका झाली असे नाही. त्याची खाच नव्या पद्धतीची आहे. पुढच्या कडेला बारीक टोकांची एक रांग आहे आणि जुन्या पद्धतीचे ठिपके नाहीत. जुना फ्लॅश, अगदी कॅननचाही, त्यावर बसवायचा तर एडी-ई१ नावाचा जोडतुकडा वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणून आमचा आग्रह असा की, खरेदीला जाताना आपला फ्लॅश, आपला ट्रिगर आणि चार चांगले सेल पिशवीत घालूनच जावे. काउंटरवर बसवून दहा वेळा पेटवून पाहावे. जोडतुकडा लागत असेल तर त्याची किंमत त्याच बिलात विचारावी. "नंतर मिळून जाईल" या बोलीवर लग्नाची तारीख घेऊ नये.

लेन्स कोणाकडे आधीच आहे?

बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षे चालते. खरा पैसा लेन्समध्ये असतो. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांची ईएफ ही लेन्सची पद्धत १९८७ पासूनची. जुना माल बाजारात भरपूर आणि स्वस्त मिळतो. पन्नास मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स तर बहुतेक स्टुडिओंत असतेच. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची आरएफ पद्धत २०१८ मध्ये आली. आरसा गेल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांतील अंतर ४४ मिलिमीटरवरून २० वर आले. मधल्या २४ मिलिमीटरच्या जागी एक पोकळ नळी बसवली की जुनी ईएफ लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते, फोकसही चालतो. नळीत काच नसल्याने फोटोचा दर्जाही घसरत नाही. उलटा प्रवास मात्र होत नाही. नवी आरएफ लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर कधीच बसणार नाही.

याचा अर्थ, ज्याच्या कपाटात तीन-चार ईएफ लेन्स आहेत त्याला दोन्ही दरवाजे उघडे आहेत. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने मात्र जरा पुढचे पाहावे. २०२० नंतर कॅनन किंवा निकॉन या दोघांपैकी कोणीही नवा आरशाचा कॅमेरा बाजारात आणलेला नाही. नवे संशोधन आणि नव्या लेन्स बिनआरशाच्या बाजूला जात आहेत. आज पहिली लेन्स ईएफची घेणारा तरुण अशा गल्लीत दुकान मांडतो, जिचे पुढचे टोक बंद आहे. गल्लीत आज गिऱ्हाईक आहे, जुना मालही मिळतो, नाही असे नाही. पण धंदा वीस वर्षे करायचा आहे.

डब्यासोबत येणाऱ्या लेन्सकडेही डोळसपणे पाहावे. २००डी मार्क टूसोबत १८-५५ ची लेन्स येते, तिचे तोंड एफ/४ ते ५.६ उघडते. आर५० सोबतची १८-४५, एफ/४.५ ते ६.३. म्हणजे नव्या कॅमेऱ्याची सोबतची लेन्स जुन्यापेक्षा सुमारे पाचवा हिस्सा उजेड कमी घेते, आणि पोहोचही कमी. मांडवात पिवळ्या बल्बखाली हे जाणवते. यावर उपाय आता निघाला आहे. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन या कंपन्यांनी आर५० च्या जातीच्या कॅमेऱ्यांसाठी आरएफ लेन्स जाहीर केल्या. त्यांतील सिग्माची १८-५० एफ/२.८ ही लग्नाच्या कामाला फार सोयीची. पूर्ण लांबीवर ती सोबतच्या लेन्सच्या सुमारे पाचपट उजेड घेते. पण तिच्यात हात हलल्याचा धक्का शोषणारी सोय नाही, आणि आर५० च्या बॉडीतही नाही. फोटोला चालेल, पण चालता-चालता व्हिडिओ काढणाऱ्याला तिपाई किंवा गिंबल लागेल. तोही खर्चच.

आमच्या भागाच्या दोन अडचणी पुस्तकात नसतात. एक धूळ. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास आणि उन्हाळ्यात सगळीकडेच बारीक धूळ उडत असते. आर५० ची लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर दिसतो, मध्ये आरसा नाही आणि पडदाही मिटलेला नसतो. मांडवात पंख्याखाली उभे राहून लेन्स बदलण्याची सवय असणाऱ्याने ती सोडावी, नाहीतर प्रत्येक फोटोत आकाशावर काळे डाग दिसतील. दुसरी अडचण उष्मा. दोन्ही कॅमेऱ्यांना कंपनीने ४० अंशांपर्यंतच वापरण्यास सांगितले आहे आणि विदर्भाचा मे महिना ही मर्यादा सावलीतही ओलांडतो. फोर-के व्हिडिओत कॅमेरा आतूनही तापतो. तापून तो स्वतःहून बंद पडला तर तेवढा विधी गेला. दुपारच्या लग्नात कॅमेऱ्यावर ओढणी-रुमालाची का होईना सावली धरणारा पोऱ्या सोबत ठेवावा.

दोन्ही कॅमेऱ्यांत मेमरी कार्डाची खाच एकच आहे हेही ध्यानात घ्यावे. महागड्या कॅमेऱ्यांत दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरतात, येथे ती सोय नाही. म्हणून एकाच मोठ्या कार्डावर सगळे लग्न न भरता निकाहचे कार्ड वेगळे, जेवणावळीचे वेगळे ठेवावे आणि भरलेले कार्ड खिशात जपावे. लग्न दुसऱ्यांदा होत नसते.

हप्त्यांचे गणित

कॅमेरा हप्त्याने घेताना "नो कॉस्ट" हा शब्द ऐकून पुष्कळ बंधू निश्चिंत होतात की व्याज नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. उदाहरणादाखल पाहा. साठ हजारांचा कॅमेरा, पाच हजारांचे बारा हप्ते, वर एक पैसा नाही. पण रोख देणाऱ्याला तोच कॅमेरा ५६,५०० ला मिळतो. बँकेच्या कागदावर कर्ज ५६,५०० चे आणि व्याज ३,५०० चे लिहिलेले असते. वर्षाचा दर सुमारे ११ टक्के पडतो. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० रुपये, ग्राहकाच्या खात्यातून वेगळे जातात. प्रक्रिया शुल्क आणखी निराळे. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, "रोखीने केवढ्याला?" दोन आकड्यांतील अंतर म्हणजेच ते व्याज, नाव काहीही द्या. ज्यांना व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही त्यांनी हा कागद सही करण्यापूर्वी वाचावा. लिलाव न होणारी, चिठ्ठीने नंबर लागणारी भिशी, किंवा दोघा स्टुडिओवाल्यांनी मिळून महाग लेन्स भागीत घेणे, हे मार्ग आमच्याकडे जुने आणि चालू आहेत. भागीत घेताना कोणती तारीख कोणाची, आणि लेन्स पडली तर दुरुस्ती कोणाची, हे दोन ओळीत लिहून ठेवावे.

कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे. १ जानेवारी २०१९ पूर्वी तो २८ टक्के होता. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी बिलावर आपला नंबर घालून घेतला तर भरलेला कर वजा मिळतो. "बिल नको, दोन हजार कमी देतो" ही बोली तेव्हा तोट्याचीच असते. बिल नसेल तर वॉरंटीही गेली, आणि उद्या कॅमेरा चोरीला गेला तर तो आपला होता हे कशावरून दाखवणार?

मग घ्यावा कोणता? आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे ईएफ लेन्स व चालू डीएसएलआर आहे, आणि काम मुख्यतः फोटोंचे आहे, त्याने २००डी मार्क टू घेऊन काही साधत नाही. त्याने तेच पैसे चांगल्या फ्लॅशवर किंवा लेन्सवर घालावेत. ज्याचा व्हिडिओ वाढतो आहे त्याने आर५०, नळी आणि तीन जादा बॅटऱ्या यांची एकत्र किंमत काढून तो घ्यावा. नव्याने धंद्यात येणाऱ्यानेही त्याच बाजूला जावे. २००डी मार्क टू शोभतो तो एकाच प्रकारच्या माणसाला: लेन्स जुन्या आहेत, बॉडी मोडली आहे, सीझन तोंडावर आहे आणि हाती रक्कम थोडी आहे. त्यानेही वापरलेला पण वरच्या दर्जाचा डीएसएलआर मिळतो का ते आधी पाहावे. त्यात फ्लॅशची खाच पूर्ण असते. आणि जो शिंपी, सुतार किंवा चप्पल कारागीर केवळ मालाचे फोटो गिऱ्हाईकाला पाठवण्यासाठी कॅमेरा घेऊ म्हणतो त्याला या दोन्हींची गरज नाही. खिडकीजवळ पांढरा कपडा अंथरून मोबाईलने काढलेला फोटो त्याला पुरतो.

दुकानात गेल्यावर डबा आपल्यासमोर उघडायला लावावा. बॉडीच्या खाली लिहिलेला नंबर डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवावा. झाकण लावून एक काळा फोटो आणि पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून, मोठा करून, त्यात ठिपके नाहीत ना ते पाहावे. अधिकृत दुरुस्ती केंद्र कोणत्या गावी आहे आणि तेथे कॅमेरा पोहोचवायचा कोणी, ते विचारून घ्यावे. जुना कॅमेरा त्याच दिवशी बदलीत देऊन टाकू नये. पहिल्या सीझनभर तो पिशवीत सोबत असू द्यावा आणि मग विकावा.